दप्तरांतील वस्तरा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचें जुनें दप्तर मंडळाच्या स्वाधीन करण्यापूर्वीं त्याची यादी करण्याचें काम मीं हातीं घेतलें. आमचें मूळ घर पंढरपूर तालुक्यांतील एका खेड्यांतलें. आजोबा नोकरीनिमित्त सोलापुरास आले आणि दप्तराची पेटी त्यांच्याबरोबर आली. पेटींत निघालें तें सामान्यतः अशा पेट्यांत निघतें तेंच : व्रतांच्या व स्तोत्रांच्या पोथ्या, कसर लागलेलीं पंचांगें, ज्योतिषाचीं सुटीं पानें, कुळांच्या पावत्या आणि घरखर्चाच्या दोन मोडी वह्या. तळाशीं फिकट तांबड्या कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेला एक वस्तरा होता. यादींत 'पोथ्या', 'कागद' व 'इतर' असे तीन रकाने मीं आंखले होते. तिसऱ्या रकान्यांत 'लोखंडी वस्तु १' एवढें लिहून मी पुढें गेलों.

आज ती नोंद वाचतांना लाज वाटते. जो मनुष्य कागदाच्या कोपऱ्यावरील पुसट शिक्क्यासाठीं भिंग घेऊन दोन दोन दिवस बसतो, त्यानें हातांत आलेल्या वस्तूवरील ठसा न वाचतांच तिला लोखंड म्हणून बाजूस सारावें, हें आपणां पोथीवाल्यांच्या संवयीस धरूनच झालें. लिहिलेलें तेवढें साधन आणि बाकीची अडगळ, असें आपण मानीत आलों. हा वस्तरा वाचावयास मला पुढें आठ महिने लागले. आणि तो वाचतां यावा म्हणून आधीं दुसऱ्याच एका वस्तऱ्यावर धुळाक्षरें गिरवावीं लागलीं. त्या दोन्ही वस्तऱ्यांची हकीकत येथें देत आहें.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. 'वस्तरा' हा फारसी 'उस्तुरा' याचा मराठी अवतार. 'हजामत' अरबी असून तिचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणें असा आहे; तें काम करणारा तो हज्जाम. आमच्या इकडेही न्हाव्याच्या धोकटींत तुंबडी असेच, तेव्हां शब्द अगदींच परक्या घरीं आला नाहीं. या वस्तूचें खरें जुनें नांव 'क्षुर'. तें ऋग्वेदांत आहे, आणि ग्रीक भाषेंतील 'क्सुरॉन' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. कठोपनिषदांत क्षुराच्या धारेचा दृष्टांत येतो, तसा होमराच्या इलियडमध्यें संकटसमयाच्या वर्णनांतही येतो. क्षुरावरून 'क्षौर' झालें, आणि 'क्षुरिका' या रूपावरून आपली 'सुरी' आली. म्हणजे स्वयंपाकघरांत संस्कृताची लेक नांदते आहे आणि धोकटींत फारशीचा जांवई बसला आहे. वस्तु मात्र या सर्व शब्दांहून जुनी. मोहेंजोदडो येथील उत्खननांत तांब्याकाशाचे वस्तरे निघाले आहेत. शतपथ ब्राह्मणांतील 'लोह क्षुर' याचाही अर्थ तांब्याचा वस्तरा असाच पुष्कळ पंडित करतात.

आतां धुळाक्षरांविषयीं. घरचा वस्तरा हातीं धरण्यापूर्वीं त्याची जात कळावी म्हणून मीं सोलापुरांतील एका जुन्या बाजारांतून दुसरा वस्तरा विकत घेतला. असे वस्तरे आतां मोडींत मिळतात. भारतांत एच. आय. व्ही.चा पहिला आढळ १९८६ सालीं झाला. त्यानंतर रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांच्या भयानें दर गिऱ्हाइकास नवें ब्लेड घालावयाचा वस्तरा सार्वत्रिक झाला, आणि पिढ्यान् पिढ्या पाजळलेलीं अखंड पातीं किलोच्या भावानें गेलीं. तें भय योग्यच होतें. ज्यांस जुना वस्तरा स्वतःच्या गालास लावावयाचा आहे त्यांनीं तो आधीं जंतुनाशक द्रवानें निर्मळ करून घ्यावा, आणि एक वस्तरा एकाच माणसाचा ठेवावा. पाण्यांत उकळूं मात्र नये. शिंगाची मूठ वांकडी होते.

विकत आणलेल्या त्या पात्यावर गंज होता. मीं उतावळेपणानें तो विजेवर फिरणाऱ्या सहाणेच्या चाकावर धरला. अर्ध्या मिनिटांत गंज गेला, त्याबरोबर कारखान्याचा ठसा गेला, आणि धारेच्या कडेस मोरपिसासारखी निळी झांक आली. ती झांक पाहून मला आनंदच झाला होता! पुढें समजलें कीं पोलाद तापून निळें झालें म्हणजे त्याचें पाणी उतरलें. मग त्यास धार येते, पण टिकत नाहीं. मोडी कागदाची शाई पुसट दिसते म्हणून ती ओल्या फडक्यानें पुसावी, तसें मीं केलें होतें. पात्याच्या जाड भागावरील गंज तेल व बारीक चाळलेली राख यांनीं बोटानें हळूं हळूं काढावा, आणि ठशाच्या जागेस तेवढाही हात लावूं नये. डाग राहिले तर राहूं द्यावेत. धारेपाशीं गंजाचीं बारीक छिद्रें पडलीं असतील किंवा चीर गेली असेल, तर तो वस्तरा संग्रहापुरताच समजावा.

हें सर्व मला ज्यांनीं शिकविलें ते एक वृद्ध कारागीर आहेत. वय ऐंशीच्या पुढें, मातृभाषा तेलुगू; पेठेंत त्यांना सर्व 'मामा' म्हणतात. सोलापुरांत या धंद्याला तीन भाषांत तीन नांवें आहेत. मराठींत न्हावी किंवा वारीक. कानडींत हडपद, बाराव्या शतकांत बसवेश्वरांजवळ असलेले शरण हडपद अप्पण्णा यांचें नांव ही मंडळी आदरानें घेतात. आणि तेलुगूंत मंगली. अमरकोशानें नापितास 'दिवाकीर्ति' म्हटलें आहे. ज्याचें नांव दिवसाच काढावें तो. एका भाषेनें त्याच माणसाच्या नांवांत मंगल घातलें आणि दुसरीनें रात्रीं त्याचें नांव घेण्याची भीति घातली.

निळी पडलेली कड मामांनीं चार दिवस दगडावर झिजवून काढली आणि मग मला शिकवावयास घेतलें. मला वाटलें होतें कीं पातें कोणत्या कोनांत धरावयाचें तें शिकावें लागेल. तसें कांहीं नाहीं. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती ह्यासाठींच कीं पातें दगडावर आडवें ठेवलें म्हणजे पाठ व धार दोन्हीं एकदम टेकतात, आणि कोन आपोआप साधतो. दगडावर धार पुढें आणि पाठ मागें अशी चाल. टोंकापासून बुडापर्यंत सारी धार दगडास लागावी म्हणून पातें किंचित् तिरकें ओढावयाचें. आणि दाब अजिबात द्यावयाचा नाहीं. मी दाब देत असें. मामा म्हणाले, "गुरुजी, दगड आपण होऊन खातो. तुम्ही फक्त भरवायचें." नंतर चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर याच्या उलट : पाठ पुढें, धार मागें, आणि प्रत्येक फेरीस पातें पाठीवरून उलटावयाचें. धारेवरून उलटलें तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. माझा एक पट्टा असा गेला आहे.

त्या दिवशीं घरीं येऊन सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायांत वीस शस्त्रें सांगितलीं आहेत, त्यांत क्षुर या नांवाचें शस्त्र नाहीं. पण शस्त्र कसें ठेवावें याविषयीं तेथें जें आहे तें मामांच्या दुकानांत बसून लिहिल्यासारखें वाटतें. शस्त्र पाजण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, क्षार, पाणी व तेल यांचे, आणि या क्रियेस 'पायना' म्हटलें आहे. आमचा लोहार हत्याराला 'पाणी पाजतो' तो हाच शब्द बोलतो. पुढें धार काढण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि ती धार नीट बसविण्यासाठीं सांवरीच्या लांकडाची फळी, अशीं दोन वेगळीं साधनें दिलीं आहेत. आजवर हें वाचतांना एकाच कामासाठीं दोन वस्तु कां, हा प्रश्न मला पडला नव्हता. दगड आणि पट्टा हातांत आल्यावर कळलें कीं कामें दोन आहेत : शिळा धार काढते, फळी ती सरळ करते. मराठींत धारेच्या दगडास 'निसणा' म्हणतात. सुश्रुताचा 'निशान' शब्दच तो. धार झाली कीं नाहीं याची परीक्षा केस तुटण्यावरून करावी असेंही तेथें आहे, आणि मामाही मनगटावरील एका केसावरच ती करतात. चाळीस वर्षें मीं मुलांस संस्कृत शिकविलें. हा उतारा तीन वेळां तरी वर्गांत वाचला असेल. समजला तो निवृत्तीनंतर.

पहिला हात गालाच्या सपाट भागावरच फिरवावा, हनुवटीस महिनाभर जाऊं नये. पातें कातडीशीं सुमारें तीस अंशांचा कोन करून धरावें, दुसऱ्या हातानें कातडी ताणावी, आणि दाढी ऊन पाण्यानें चांगली भिजवावी. साबणाचा फेंस पुष्कळांस अत्यावश्यक वाटतो; आपल्या जुन्या न्हाव्याचें काम पाण्यावर चाले. म्हणूनच 'बिनपाण्यानें हजामत' हा वाक्प्रचार शिक्षेच्या अर्थीं रूढ झाला. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत क्षौराचें एक लहानसें सूक्त आहे. त्यांत सविता वस्तरा घेऊन येतो आणि वायूला ऊन पाणी आणावयास सांगितलें आहे. गृह्यसूत्रांतील चौलविधींतही थंड व ऊन पाणी एकत्र करण्याचें विधान असून, मुलास इजा करूं नको अशी वस्तऱ्याचीच प्रार्थना आहे. हत्याराची अशी विनवणी करावी लागते, यावरून त्याच्याविषयींची धास्ती दिसते.

इतकी तयारी झाल्यावर मीं घरचा वस्तरा उघडला.

संग्राहकांच्या उपयोगासाठीं वाचनाची रीत थोडक्यांत सांगतों. अठराव्या शतकांतील विलायती वस्तऱ्यास मुठीबाहेर येणारी शेंपटी नसते किंवा अगदीं तोकडी असते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून ती लांबत जाते. जुनें पातें आडवें कापल्यास पाचरीसारखें भरीव दिसेल. दोन्हीं बाजूंनीं पोकळ घांसलेलें पातळ पातें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें किंवा नंतरचें. मूठ शिंगाची, हाडाची, हस्तिदंताची असते. सेल्युलॉइडची असेल तर शेवटचीं दशकें समजावीं. पोथ्या बाळगणारांनीं सेल्युलॉइडची मूठ कागदांजवळ कधींही ठेवूं नये. ती कुजूं लागली म्हणजे तिच्यांतून आम्लयुक्त वायु सुटतो. त्यानें पातें गंजतें आणि शेजारचा कागद जळतो.

मग ठसा. आमच्या पात्याच्या बुडाशीं शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्याचें नांव, त्याचें सुप्रसिद्ध चिन्ह म्हणजे तारा व माल्टी क्रूस, मुकुटाच्या दोन बाजूंस 'जी' व 'आर' हीं अक्षरें, आणि खालीं 'इंग्लंड' असें आहे. पेशव्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचें नांव असतें व त्यावरून कागदाचा काळ लागतो, तशींच हीं राजाक्षरें. 'व्ही. आर.' असतीं तर १८३७ ते १९०१ हा व्हिक्टोरिया राणीचा काळ झाला असता. 'जी. आर.' म्हणजे जॉर्ज. परंतु जॉर्ज अनेक झाले. देशाचें नांव मालावर घालण्याचा प्रघात अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर सर्वत्र पडला, आणि पातेंही पोकळ घांसलेलें आहे. त्यामुळें १८३० पूर्वींचे जॉर्ज गळतात. उरले पांचवा (१९१०–३६) व सहावा (१९३६–५२). ठसा बनावट नाहीं ना, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. बनावट सनदांप्रमाणें बनावट शेफील्डही पुष्कळ झालें. जर्मन मालावर शेफील्डचें नांव पडूं लागलें म्हणून १८८७ सालीं इंग्लंडांत व १८८९ सालीं हिंदुस्थानांत मालाच्या खुणांविषयीं कायदे करावे लागले. येथील ठसा खोल व रेखीव असून बनावटीची शंका येत नाहीं.

'शेफील्ड' हें नांव वाचून आपल्याकडील कोणी विलायती पोलादापुढें मान तुकवील, त्यांच्यासाठीं एक गोष्ट येथें नमूद करणें अवश्य आहे. १७९४ सालीं मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं 'वूट्झ' नांवाच्या देशी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यानें त्या पोलादाचे वस्तरे व शस्त्रवैद्याचीं हत्यारें केलीं, आणि युरोपांतील उत्तम पोलादापेक्षांही तें आपणांस पसंत आहे असें आपल्या दुकानाच्या जाहिरातींत छापलें. त्याच्याच सहकार्यानें मायकेल फॅरडे यानें १८२० व १८२२ सालीं पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. शेफील्डच्या पुष्कळ वस्तऱ्यांवर 'रुपेरी पोलाद' अशा अर्थाचीं अक्षरें दिसतात त्यांचें मूळ त्या प्रयोगांत आहे, मग पात्यांत रुपें असो वा नसो. 'वूट्झ' हा शब्द कानडी 'उक्कु' याचा अपभ्रंश मानतात. आमच्या सोलापुरांत घरोघर कानडी बोलली जाते, आणि 'उक्कु' म्हणजे काय तें येथें कोणास सांगावें लागत नाहीं.

येथवर वस्तऱ्याचा काळ दोन जॉर्जांच्या दरम्यान कोठेंतरी लागला. तो कोणाचा, हें ठसा सांगत नाहीं. तें वह्यांनीं सांगितलें, आणि येथून पुढचें लिहितांना हात थोडा जड होतो.

आमच्या घरच्या वहींत न्हाव्याच्या नांवें दोन प्रकारच्या नोंदी आहेत. एक, सुगीच्या खळ्यावर दिलेली ज्वारी. न्हावी बारा बलुतेदारांपैकीं. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथांत या व्यवस्थेचें जें वर्णन आहे तसेंच हें बलुतें. दुसरी नोंद रोख पैशांची, दर पंधरवड्यास दोन आण्यांची, आणि तिच्यापुढें 'माजघर' एवढाच शब्द. पहिल्यानें वाचतां मला याचा उलगडा होईना. पुरुषांची श्मश्रू ओसरीवर होत असे; माजघरांत न्हाव्याचें काय काम? मग त्या फिकट तांबड्या कापडाकडे पुन्हा पाहिलें. तें आलवण होतें.

आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी, बालविधवा होती. मी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ती हयात होती. डोक्यावरून ओढलेलें आलवण आणि त्याखालून दिसणारें तुळतुळीत कपाळ एवढें मला आठवतें. केशवपनाविरुद्ध झालेला वाद वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें, विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असें ठरविलें. त्याच सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांत हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली, जिच्या नायिकेचें वपन बळजबरीनें केलें जातें. आमच्या जिल्ह्यांत, पंढरपुरांत, विधवांच्या दुःखाची दखल त्याही आधीं घेतली गेली होती. तेथील बालहत्याप्रतिबंधक गृह १८७५ सालचें.

वहींतील माजघराची नोंद शके १८४६ च्या (इ. स. १९२४) श्रावणांत बंद होते. तिच्यानंतर पुन्हा दोन आणे कधींच लिहिलेले नाहींत. न्हावी मेला किंवा गांव सोडून गेला असें म्हणावें, तर त्याच्या नांवची ज्वारी पुढें सहा वर्षें त्याच प्रमाणांत चालू आहे. मजुरीवरून तंटा झाला म्हणावें, तर तसा तंटा ज्वारींत दिसला असता. घरांतील बाई वारली म्हणावें, तर तिला मीं स्वतः पाहिलें आहे. एकच अर्थ उरतो : तो मनुष्य ओसरीवर येत राहिला आणि माजघरांत जाण्यास नाहीं म्हणाला. त्या काळीं सत्यशोधकांचे जलसे खेडोपाडीं फिरत होते. ते त्याच्या कानीं गेले असतील, किंवा त्याचें त्यालाच वाटलें असेल. त्याच सालच्या आश्विनांत सोलापुरांतून आणलेल्या जिनसांत, धोतरजोडी व गूळ यांच्यामध्यें, एक वस्तरा व एक निसणा लिहिलेला आहे.

न्हाव्यानें नकार दिला, आणि घरानें वस्तरा विकत आणला. ही नोंद ज्या पणजोबांनीं केली त्यांच्याच हातचीं स्तोत्रांचीं पानें याच दप्तरांत आहेत. अक्षर मोत्यासारखें आहे.

तो वस्तरा कोणी चालविला, याचें उत्तर पात्यावरच आहे. मीं तो मामांस दाखविला, हकीकत न सांगतां. त्यांनीं तो खिडकीशीं धरला, पाठीवरून नख फिरविलें, आणि पुष्कळ वेळ कांहींच बोलले नाहींत. मग त्यांनीं दाखविलें : वस्तरा दगडावर घांसतांना पाठही झिजते, आणि कसबी हातांत दोन्हीं बाजूंची झीज एकसारखी उतरते. येथें एका बाजूची झीज दुसरीच्या दुपटीइतकी रुंद आहे. धार सरळ नसून मध्यें खोलगट झाली आहे, म्हणजे मध्यावर दाब देण्याची संवय. झीज फार आहे, कारण पट्टा नव्हता. पट्टा नसला म्हणजे दर वेळीं दगडाकडेच जावें लागतें. (वहींतही पट्ट्याची खरेदी नाहीं.) "हा कामाचा हात नव्हे," ते म्हणाले. "पण हात एकच. फार वर्षें. आणि शिकविलें नाहीं कोणीं."

पंधरवड्यास एकदां म्हटलें तरी चाळीसांहून अधिक वर्षांत हें हजारावर वेळां झालें असलें पाहिजे. आपल्या हातानें, आपल्याच डोक्यावर, आणि आरशावांचून; विधवेनें आरसा पाहूं नये असा दंडक होता. येथें मला दोन गोष्टी आठवल्या. जुन्या महजरांवर बलुतेदार आपापल्या धंद्याच्या निशाणीनें साक्ष घालीत. कुणब्याचा नांगर, तसा न्हाव्याचा आरसा. वस्तरा नव्हे. आणि सेना महाराजांचा जो अभंग वारकऱ्यांच्या तोंडीं आहे, ज्यांत त्यांनीं आपल्या धंद्याचें एकेक साधन परमार्थाकडे वळविलें आहे, त्याच्या रूढ पाठांत विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे. वस्तऱ्याचें नांव नाहीं. मुंज, लग्न येथें जें हत्यार लागतें तेंच दहाव्यालाही लागतें, म्हणून साक्षीस उभें राहतांना न्हाव्यानें मंगल तें पुढें केलें असावें, असा माझा तर्क आहे. आमच्या घरांत आरसा ओसरीवर राहिला आणि वस्तरा माजघरांत गेला.

मामांनीं विचारलें, "धार लावून देऊं? अजून पोलाद चांगलें आहे." पोलाद खरोखरीच चांगलें आहे. दहा-बारा दिवस दगडावर गेले तर ती खोलगट धार सरळ होईल, पाठीची झीज सारखी होईल, आणि वस्तरा गालास लावण्याजोगा होईल. परंतु त्या बाईच्या हातचें दुसरें कांहींही लेखन दप्तरांत नाहीं. तिला अक्षर शिकविलें नव्हतें. मीं नको म्हटलें. मामांनीं पात्यास तेलाचें बोट लावून तो मिटला व माझ्या हातांत दिला. त्यानंतर मीं त्यांना सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, त्यांच्या आजीच्या गांवींही असा एक न्हावी होता.

बाजारांतला वस्तरा मी रोज वापरतों. हनुवटीपाशीं अजून कापतें. घरचा वस्तरा दप्तराबरोबर मंडळाकडे जाईल, पण पोथ्यांपासून वेगळ्या डब्यांत. शिंगाच्या मुठीस कसर लागलेली आहे, ती पोथ्यांत शिरेल. आणि पात्याचें तेल कागदास बाधेल. पात्यास वर्षांतून दोनदां तेलाचा हात द्यावा, ठशावरील डाग काढूं नयेत, आणि धारेस कोणींही दगड लावूं नये, अशी चिठी डब्यांत घातली आहे.

यादींतील तिसऱ्या रकान्याची पहिली ओळ खोडून तेथें पुढीलप्रमाणें लिहिलें आहे : वस्तरा १, शेफील्डचा, पांचव्या जॉर्जच्या कारकीर्दींतील, शके १८४६ च्या आश्विनांत घेतलेला, पात्याची लांबी पावणेतीन इंच, मूठ शिंगाची, कसर लागलेली, झीज एका बाजूस अधिक, धार मध्यें खोलगट, आलवणाच्या तुकड्यासह, तो वेगळा करूं नये. घरखर्चाची वही दुसरी हिच्याबरोबर पाहावी.